आरपार दगड

औसा, निलंगा, उमरगा या भागातल्या जुन्या घराची भिंत पाहिली की वाटतं, हिला काय होणार आहे? दोन-अडीच फूट जाड, काही ठिकाणी त्याहून जास्त, सगळी काळ्या दगडाची. पण ही एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रचाई, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत माती आणि दगडांच्या कपच्या. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा, दोन्ही रचाया एकमेकींना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. डोक्यावर माळवद होतं: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून अधूनमधून त्यावर नवी माती चढवायची. घर उन्हाळ्यात गार राहायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचं ओझं वाढत जायचं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा ती भिंत मधून फाटली. दोन्ही रचाया दोन दिशांना ढासळल्या आणि दगडमातीचा ढीग झोपलेल्या माणसांवर आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावांनी नुकतीच पाठ टेकली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. काही ठिकाणी माळवदाचे लाकडी खांब तसेच उभे राहिले आणि भोवतीच्या भिंती तेवढ्या भुईसपाट झाल्या. सहाहून थोड्याच अधिक क्षमतेचा हा भूकंप. माणसं मेली ती भूकंपापेक्षा भिंतींमुळे.

धोक्याची चाहूल अगदीच नव्हती असंही नाही. 1992 च्या ऑक्टोबरातही किल्लारीला धक्के बसले होते. पण देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो सर्वांत खालचा पट्टा 2002 च्या सुधारणेत रद्दच झाला. नकाशा बदलायला किल्लारी व्हावी लागली.

मराठवाड्यात आपत्तीच्या तयारीची जी काही यंत्रणा आज उभी आहे, तिची मुळं या ढिगाऱ्यात आहेत. तिचा परिचय मंत्रालयातल्या नियंत्रण कक्षापासून करून देण्यापेक्षा भिंतीपासून करून देणं मला योग्य वाटतं.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनाची मोठी कथा 52 गावांच्या स्थलांतराची आहे. नवी जागा, आखलेले रस्ते, काँक्रीटची घरं. ती अनेकदा सांगून झाली आहे. तिच्याइतकीच मोलाची दुसरी कथा मात्र मागे राहिली. ज्या गावांत घरं पडली नाहीत, फक्त तडकली, तिथे ती जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने 1994 पासून चाललेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात अशी घरं लाखाच्या घरात होती.

काम काय होतं? भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे जुन्या भिंतीला आरपार दगड मिळाला. नव्या दगडी भिंतीसाठी भारतीय मानक सांगतं, की उंचीत साधारण दोन फुटांवर आणि लांबीत चार फुटांवर असा एक दगड हवाच. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपा आधार द्यायचा. भिंतींना सगळीकडून कंबरपट्ट्यासारखा पट्टा बांधायचा. या कामाला परदेशी यंत्र लागत नाही. गावातला गवंडी, गावातला सुतार आणि थोडं सिमेंट-लोखंड एवढ्यात ते होतं.

अडचण वेगळीच होती. काँक्रीटचंच घर भूकंपात टिकतं आणि दगड वैरी आहे, असं लोकांच्या मनात बसलं होतं. दुरुस्तीचे पैसे घेऊन एखादी नवी खोली बांधावी, जुन्या घराला हात लावू नये, असं अनेकांना वाटे. आरपार दगडाचं महत्त्व इंजिनिअरला ठाऊक होतं, पण त्याचं म्हणणं घरातल्या बाईपर्यंत पोहोचत नव्हतं आणि बाईची शंका इंजिनिअरपर्यंत.

हे पोहोचवण्याचं काम ‘संवाद सहायक’ बायकांनी केलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाची जबाबदारी आली आणि लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. त्या घरोघर जाऊन योजना समजावून सांगत, कोणाचा हप्ता अडला ते विचारत, गवंड्याचं काम बघत, पट्टा नीट बसला का ते तपासत. ज्या बायका तोवर ग्रामसभेत मागे पदर सावरून बसत, त्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. 2001 मध्ये कच्छ हादरलं तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. भिंतीच्या दोन रचायांना जसा दगड, तशी गाव आणि सरकार यांच्यामध्ये ही बाई होती.

पुढे कागदोपत्री यंत्रणाही उभी राहिली. महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे करायला देशात लवकर सुरुवात केली. पुण्यात यशदामध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं केंद्र आलं. 2005 मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला, तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आलं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा, असंही कायदाच सांगतो.

हा आराखडा म्हणजे मुळात साध्या प्रश्नांची वही आहे. कोणतं गाव नदीच्या किती जवळ? तिथे पोहता येणारे किती? बोट कुठे, दोर कुठे, जेसीबी कोणाकडे? शाळेची इमारत उंचावर आहे का? गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं कोणत्या घरांत? रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल? उत्तरं खरी असतील तर ही वही एखाद्या बोटीइतकी कामाची आहे. गेल्या वर्षीची नावं तशीच उतरवली असतील, तर तिचा कोणालाही उपयोग नाही.

नांदेडला हे प्रश्न पाण्याच्या भाषेत येतात. गोदावरी शहराच्या अंगाला लागून वाहते. वर पैठणला जायकवाडी, पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर, शहराच्या तोंडाशी विष्णुपुरी. बातमीत ‘एक लाख क्युसेक विसर्ग’ असं येतं. त्याचा अर्थ दर सेकंदाला सुमारे 28 लाख लिटर पाणी. पैठणचे दरवाजे उघडल्यापासून ते पाणी नांदेडला पोहोचेपर्यंतचा वेळ, हीच आपल्या हातातली मुदत. 2006 च्या ऑगस्टमधल्या पुरात पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठाने तिचं मोल पाहिलं. आकडा वेळेवर आणि समजेल अशा शब्दांत नावघाटाजवळच्या घरात पोहोचला, तर माणसं, गुरं आणि कागदपत्रं हलतात. शहराजवळ एक मोठं बळ आधीच आहे. रोज हजारो लोकांना जेवू घालणारा गुरुद्वाऱ्याचा लंगर. संकटात स्वयंपाकघर नव्याने उभारावं लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

पण प्रत्येक पुराला अशी मुदत मिळत नाही. 17 आणि 18 ऑगस्ट 2025 च्या दरम्यानच्या रात्री मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि हसनाळ, रावणगाव ही गावं अंधारातच पाण्याने वेढली गेली. मदतीसाठी लष्कराची तुकडी छत्रपती संभाजीनगरहून निघाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा राज्यातला तळ पुण्याजवळ सुदुंबरे इथे, म्हणजे चारशे किलोमीटरहून लांब. कितीही घाई केली तरी पहिले काही तास गावाचेच असतात. किल्लारीतही पहिली माणसं ढिगाऱ्यातून बाहेर काढली ती वाचलेल्या शेजाऱ्यांनी, हातांनी दगड उपसून.

काही आपत्ती उलट फार सावकाश येतात. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे 50 वाघिणींतून एका फेरीला 25 लाख लिटर येऊ लागलं. मांजरा धरण एका रात्रीत आटलं नव्हतं. भूकंपाला सेकंद मिळतात, पुराला तास, दुष्काळाला महिने. ज्याला महिने मिळाले त्याचीच तयारी सर्वांत कमी होती, ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवली पाहिजे.

आणि एक आपत्ती शेतात येते. मृगाआधी आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास कुठे वीज पडते आहे ते सांगतं. पण सोयाबीन काढणारी मजूर बाई फोन घरी ठेवून आलेली असते. तिच्यापर्यंत निरोप जायचा तर तो देवळाच्या किंवा मशिदीच्या भोंग्यावरून, दवंडीवरून, पोलीस पाटलाच्या हाकेवरूनच जाईल. झाडाखाली थांबू नका, गडगडाट थांबल्यावरही अर्धा तास आडोसा सोडू नका, एवढी दोन वाक्यं वेळेवर कानावर पडली तरी जीव वाचतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. साधनं आपल्याकडे अगदीच कमी नाहीत. कायदा आहे, आराखडा आहे, 1077 वर जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष आहे, 112 आणि 108 आहेत, ‘आपदा मित्र’ स्वयंसेवकांसाठी 12 दिवसांचं प्रशिक्षण आहे. उणीव आहे ती या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणाऱ्या दगडाची. संवाद सहायकांचं काम पुनर्वसनाबरोबर संपायला नको होतं. प्रत्येक गावात आशाताई, अंगणवाडीताई किंवा बचत गटातल्या एखाद्या बाईला हे काम नेमून, मानधन देऊन कायमचं सोपवलं पाहिजे.

येत्या ग्रामसभेत एक विषय आपण मांडा. गावाच्या आपत्ती आराखड्याची वही मागा आणि ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा. दोर ठेवला आहे असं लिहिलं असेल तर तो बघा. नंबर लिहिला असेल तर तिथेच लावून बघा. घर बांधत असाल तर गवंड्याला विचारा, की भिंतीत आरपार दगड कुठे कुठे घातला आहे. त्याने बोट ठेवून दाखवल्याशिवाय पुढची रचाई करू देऊ नका.