हप्त्यात न दिसणारी गाडी

पुण्यातल्या कोथरूडमधल्या छोट्या दुकानदारांच्या हिशेबाच्या वह्या मी लिहिते. दसरा जवळ आला की त्यांच्यापैकी कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, गाडी बुक करतोय. हप्ता साडेसोळा हजार बसतोय. झेपेल ना?" दुकानातल्या फ्रिजचा घसारा दरवर्षी न चुकता विचारणारी ही माणसं घरच्या गाडीचा घसारा कधीच विचारत नाहीत. घरची गाडी कुठल्या वहीत चढतच नाही, त्यामुळे तिचा खर्च डोळ्यांपुढे येत नाही.

म्हणून मी कागद पुढे ओढते. साडेआठ लाखांची पेट्रोल गाडी घ्या. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ताकर आहे, म्हणजे ९३,५०० रुपये. विमा आणि नोंदणी धरून ती रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के. एकूण व्याज जवळपास दोन लाख. आठ वर्षांनी ती तीन लाखांना विकली गेली असं धरलं, तर नुसता घसारा वर्षाला ८७,५०० रुपये. व्याजाचे वर्षाला साधारण २४,५००. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून माझ्या अंदाजाने ३६,००० तरी धरावेत. वर्षाला सात हजार किलोमीटर फिरलात आणि शहराच्या गर्दीत लिटरला तेरा किलोमीटर मिळाले, तर पेट्रोल सुमारे ५६,००० रुपयांचं. बेरीज दोन लाखांच्या वर, किलोमीटरला २९ रुपये. त्यातले पेट्रोलचे फक्त आठ. म्हणजे जवळपास पाऊण हिस्सा खर्च गाडी हलो वा न हलो, होतच राहतो. ताशी वीसच्या वेगाने सात हजार किलोमीटर जायला ३५० तास लागतात. वर्षाचे तास ८,७६०. उरलेला सगळा वेळ गाडी उभी असते.

माझ्या मते रस्त्यावरच्या कोंडीचं एक मोठं मूळ याच कागदावर आहे. मेसचे पैसे महिनाभराचे आगाऊ भरलेला विद्यार्थी बाहेर जेवायला जात नाही. गाडीवाल्याचंही तसंच होतं. मोठे पैसे आधीच भरून झालेले असतात. वनाजहून डेक्कनला निघताना तो फक्त पेट्रोलचे आठ रुपये किलोमीटर धरतो, आणि घरातली तिघं-चौघं असली की बसची तिकिटं त्याला महाग वाटतात. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो. फक्त त्याच्या गाडीने रस्त्यावर अडवलेली जागा आणि मागच्या प्रत्येकाचा खाल्लेला वेळ त्या हिशेबात नसतो. बारा मीटरच्या बसमध्ये पन्नास माणसं जातात. तीच माणसं दीड-दीडच्या सरासरीने गाड्यांत बसली, तर तेहतीस गाड्यांची दोनशे मीटर रांग होते.

रस्ता रुंद करून ही रांग संपत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हे मांडलं होतं: शहरातला मोटाररस्ता वाढवला की गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. शिवाय असं बांधकाम टिकतंच असंही नाही: पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल दीड दशकातच मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये पाडावा लागला.

उपाय आहे तो खर्च योग्य क्षणी दाखवण्याचा. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागात येण्यासाठी दिवसाला पाच पौंड आकार लावला. मला जास्त पटतं ते स्टॉकहोम. तिथे २००६ च्या जानेवारीपासून सात महिने हा आकार प्रयोग म्हणून लावला आणि आकारणीच्या हद्दीतून ये-जा करणारी वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली. प्रयोग संपताच गाड्या पुन्हा वाढल्या. लोकांनी दोन्ही दिवस पाहिले, सार्वमतात शहराने बाजूने कौल दिला आणि २००७ मध्ये आकार कायमचा झाला. सिंगापूरमध्ये गाडी बाळगण्याचा दहा वर्षांचा परवानाच लिलावात घ्यावा लागतो. पण तो मार्ग मला आपल्यासाठी योग्य वाटत नाही. त्यातून पैसेवाल्यांना गाडी मिळते, आणि मिळाली की ते ती भरपूर वापरणारच.

पुण्यात सुरुवात पार्किंगपासून व्हावी. एका गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. एवढ्या जागेतल्या टपरीला भाडं किती पडतं, हे माझे दुकानदार झोपेतही सांगतील. रस्त्याकडेची तेवढीच जागा गाडीला दिवसभर फुकट मिळते. महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही काही निवडक रस्त्यांपुरतं, आणि ते वर्षानुवर्षं कागदावरच राहिलं. व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक तुटण्याची भीती वाटते, ती मी रोज ऐकते. पण दुकानासमोर सकाळी नऊला लागून रात्री हलणारी गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नसते. तासावर पैसे लागले, तर तीच जागा दिवसभरात कितीतरी जणांना मिळेल.

मात्र क्रम चुकता कामा नये. स्टॉकहोमने आकार लावण्याआधी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, सुमारे दोनशे नव्या बस रस्त्यावर आणल्या. आपल्याकडे वनाजपर्यंत मेट्रो २०२२ मध्येच आली, पण स्टेशनापासून घरापर्यंतची बस वेळेवर मिळेल याची खात्री नसेल, तर कर्वे रस्त्यावर पार्किंगचे पैसे मागायला कुठल्या तोंडाने जायचं? आधी दर दहा मिनिटांनी बस, मग पार्किंगची पावती, आणि त्या पावतीचा पैसा त्याच रस्त्यावरच्या बसला. महापालिकेने त्याची वेगळी वही ठेवावी आणि दर तिमाहीला वॉर्ड ऑफिसबाहेर लावावी.