बेगम अख्तरांची पत्ती आणि ॲम्प्लिफायरचा रिषभ

लखनौच्या चौकातल्या कोठ्यांवर ठुमरी-दादरा नटला, आणि त्याच वळणाची गायकी देशभर पोहोचवणाऱ्या बेगम अख्तर 1974 पासून चौकाजवळच, ठाकुरगंजच्या पसंदबागेत विसावल्या आहेत. वरच्या सुराकडे झेपावताना त्यांचा आवाज क्षणभर चिरकायचा. जाणकार त्याला ‘पत्ती’ म्हणत आणि नेमकी तिचीच वाट पाहत बसत.

त्यांची एखादी गझल दोन वेगळ्या संचांवर ऐकून पाहा. एकाचा स्पीकर 100 हर्ट्झच्या आसपास फुगवलेला असतो. डग्गा घुमतो, मन हरखतं. पण तोच स्पीकर 3000 हर्ट्झपाशी दबलेला असेल, तर पत्तीची धार बोथट होते आणि सारंगीच्या गजाची घसट विरून जाते. आपला कान तर 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तल्लख! दुसरा, न्यूट्रल संच खालपासून वरपर्यंत सगळ्यांना सारखंच माप लावतो.

मग आवाजाला स्वतःचा रंग चढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर लोक जीव का टाकतात? याचं उत्तर विलक्षण आहे. अशा ॲम्प्लिफायरला 220 हर्ट्झचा षड्ज दिला, की तो बहुधा 440ची बारीकशी भर घालतो. म्हणजे दुसरा स्वरांश, मूळ सुराची दुप्पट: तार षड्जच! तिसरा स्वरांश 660चा, तो तार पंचम. यंत्राचा दोषसुद्धा सुरेल निघतो, म्हणून तो उबदार वाटतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, तीही असेच स्वरांश जागे करायला.

पण जवारी एका वाद्यापुरती, एका सुरासाठी जुळवलेली असते. ॲम्प्लिफायर सगळ्यांना एकत्रच रंगवतो. 220च्या षड्जासोबत 275चा गंधार वाजला, तर हाच दोष दोघांची बेरीजही करतो: 495, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध रिषभ. तो ना गायिकेने लावलेला, ना सारंगियाने. मालकंसात गंधार कोमल, 264चा. तिथे बेरीज 484 होते, कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधेच कुठेतरी. आणि या रागात रिषभच वर्ज्य! भर बारीकच असते, तरी मला ती सलते. रंग गळ्याचा हवा, खोक्याचा नको.

खोलीही रंग चढवतेच. समोरासमोरच्या भिंतींत 3.4 मीटर अंतर असेल, तर 50 हर्ट्झचा आवाज तिथे साचतो. जाड गालिचा वरचे स्वर शोषतो, पण या घुमाऱ्याला हातही लावत नाही. त्यासाठी स्पीकर भिंतीपासून थोडा थोडा पुढे ओढत तीच गझल पुन्हा ऐकावी लागते.