वायरलेस घ्यायचा तो आधी ऐकण्यासाठी : हातातला सेट कसा निवडायचा, कसा लावायचा

नाखवा, तांडेल, खलाशी बंधूंनो आणि किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या घरच्यांनो,

हजिऱ्यासमोरचं पाणी आता फक्त आपलं राहिलेलं नाही. तापीच्या मुखाशी हजिरा आणि मगदल्ला ही दोन बंदरं. गॅसची, कोळशाची, पोलादाची जहाजं रात्रंदिवस आत-बाहेर करतात. नोव्हेंबर २०२० पासून घोघा-हजिरा फेरीबोटही सुरू आहे. त्यात खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी म्हणजे देशातली सगळ्यात मोठी. उधाणाच्या दिवसांत पाण्याला असा ओढ असतो, की मोठं जहाज खोल पट्टा सोडून बाजूला होऊच शकत नाही. आणि डोलीवर लागलेली आपली बोटही इंजिन चालू करून लगेच सरकत नाही.

लाकडी किंवा फायबरची बोट रडारवर नीट उमटतेच असं नाही. अशा वेळी जहाजाला "इथे बोट आहे, पुढे जाळी आहे" हे सांगायला आणि जहाजं आपसात काय बोलतात ते ऐकायला एकच साधन आहे, ते म्हणजे व्हीएचएफ वायरलेस. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की संपते. शिवाय जहाजाच्या कप्तानाचा नंबर आपल्याकडे कुठून येणार?

म्हणून हातातला सेट घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर तो कसा लावायचा, ते सविस्तर सांगतो.

बाजारात तीन प्रकार दिसतात

१) स्कॅनर. हा फक्त ऐकतो, बोलत नाही. एकामागून एक चॅनेल चाळत जातो आणि जिथे आवाज सापडेल तिथे थांबतो. सोसायटीच्या ऑफिसात किंवा जेट्टीवर ऐकत बसायला ठीक. बोटीवर मात्र एकटा स्कॅनर नेऊ नका. बुडताना तो हाक मारत नाही.

२) साधा वॉकीटॉकी. स्वस्त मिळतो, लग्नाच्या हॉलवर आणि बांधकामावर दिसतो तोच. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायला मोकळे असलेले सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालतात. जहाजं आणि तटरक्षक दल १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. म्हणजे या सेटवर तुम्ही कितीही ओरडलात तरी जहाजाला काही ऐकू जाणार नाही. काही सेट दोन्ही पट्टे पकडतात, पण ते पाण्याला टिकत नाहीत आणि समुद्रावर वापरायला मंजूरही नसतात.

३) मरीन व्हीएचएफ हँडहेल्ड. आपल्याला हवा तो हाच. यात समुद्राचे चॅनेल आधीच भरलेले असतात, बोलता येतं आणि स्कॅनही आतच असतं.

दुकानात काय तपासायचं

• खोक्यावर आयपीएक्स ७ किंवा त्याहून वरचा आकडा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. पडल्यावर तरंगणारा असेल तर उत्तम.
• ताकद ५ किंवा ६ वॅट, आणि जवळच्या बोलण्यासाठी १ वॅटची सोय.
• ड्युअल वॉच, म्हणजे एकाच वेळी दोन चॅनेलवर कान ठेवण्याची सोय.
• १६ नंबरचं वेगळं बटण. अंधारात, ओल्या हाताने सापडायला हवं.
• जादा बॅटरी मिळते का. एका बॅटरीवर तीन-चार दिवसांची फेरी निघत नाही.

वॅट जास्त म्हणजे रेंज जास्त, असं दुकानदार सांगतो. ते अर्धंच खरं आहे. व्हीएचएफ सरळ रेषेत जातो, त्यामुळे खरी रेंज उंची ठरवते. दोन्ही बोटींत सेट पाण्यापासून २ मीटर उंचीवर असतील तर हिशेबाने साधारण ६ सागरी मैल, आणि लाटांत त्याहून कमी. जहाजाचा अँटेना ३६ मीटर उंच असेल तर तेच अंतर १६ मैलांच्या आसपास जातं. म्हणून बोलताना उभे राहा आणि सेट उभा धरा. ज्यांना परवडतं त्यांनी केबिनवर २५ वॅटचा बसवलेला सेट ठेवावा, त्याचा अँटेना काठीवर उंच लावावा आणि हातातला सेट जोडीला ठेवावा.

सेट लावायच्या पायऱ्या

पहिली : मेनूत चॅनेलचा गट "इंटरनॅशनल" करा. बरेच सेट अमेरिकन गटावर येतात. काही नंबर दोन्हीकडे सारखे दिसतात, पण त्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. उदाहरणार्थ, २२ नंबर. गट चुकला तर सेट चालू असूनही समोरचा ऐकू येत नाही. डब्ल्यूएक्स लिहिलेले हवामानाचे चॅनेलही अमेरिका-कॅनडाचे आहेत. ते इथे स्कॅनमधून काढून टाका.

दुसरी : स्क्वेल्च लावा. बटण पूर्ण उघडा, खरखर येईल. मग हळूहळू फिरवा आणि खरखर थांबली तिथेच सोडा. त्याच्या पुढे नेलंत तर सेट शांत वाटतो, पण लांबची हाक गिळून टाकतो.

तिसरी : स्कॅनची यादी छोटी ठेवा. १६ (१५६.८००) हा संकटाचा आणि हाक मारायचा चॅनेल. १३ (१५६.६५०) वर जहाजं एकमेकांशी वाट काढण्याबद्दल बोलतात. ६ (१५६.३००) बोट ते बोट. १२ (१५६.६००) आणि १४ (१५६.७००) बंदराच्या कामाचे. आपल्या बंदरात प्रत्यक्ष कोणता चालतो ते बंदर कार्यालयात विचारा आणि केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा. सगळे चॅनेल यादीत टाकले तर सेट फिरतच राहतो आणि नेमकं वाक्य निसटतं.

चौथी : १६ ला प्रायॉरिटी द्या. मग सेट दुसरीकडे थांबला तरी मधूनमधून १६ वर डोकावून येतो. रात्री जाळ्यावर असताना स्कॅन बंद करून १६ आणि १३ एवढंच ड्युअल वॉच ठेवलं तर अधिक बरं.

पाचवी : सेटवर लाल बटण असेल तर ते डीएससीचं, चॅनेल ७० वरचं. एमएमएसआय नंबर भरल्याशिवाय ते काम करत नाही. भारतातल्या बोटींचा नंबर ४१९ ने सुरू होतो. अनेक सेटमध्ये हा नंबर एकदाच भरता येतो, म्हणून दुसऱ्या बोटीचा नंबर "तात्पुरता" टाकू नका. तटरक्षक दल त्या दुसऱ्या बोटीला शोधत बसेल.

सोसायटीचा स्कॅनर असेल तर

स्कॅनरमध्ये फ्रिक्वेन्सी हाताने भरावी लागते. मोड एफएम, पायरी २५ किलोहर्ट्झ. आकडा दोनदा वाचा, कारण १५६.८०० च्या जागी १५६.०८० भरलं तर १६ कधीच ऐकू येणार नाही. डिले दोन सेकंद ठेवा, म्हणजे प्रश्न ऐकू आला आणि उत्तर निसटलं असं होत नाही. काही चॅनेल जोडीचे असतात. जहाज एका फ्रिक्वेन्सीवर बोलतं आणि किनारा ४.६ मेगाहर्ट्झ वरून उत्तर देतो. २६ नंबरला जहाज १५७.३०० वर असतं, तर किनारा १६१.९०० वर. दोन्ही भरा, नाहीतर अर्धंच संभाषण ऐकू येईल. १६१.९७५ आणि १६२.०२५ हे एआयएसचे. तिथे नुसता टर्र-टर्र आवाज येतो, ते लॉकआउट करा.

परवाना आधी, सेट नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण यात पैसे आणि सेट दोन्ही जाऊ शकतात. वायरलेस यंत्र बाळगायलाही परवानगी लागते. आधी १९३३ चा कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. ऑनलाइन विनापरवाना विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नोटिसा काढल्या, त्या याच कारणाने. म्हणून मॉडेल मंजूर आहे का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, आणि परवान्याचं मत्स्यव्यवसाय खात्यात विचारूनच पैसे द्या. "आम्ही नुसतं ऐकतो" हे कारण चालेल असं धरून चालू नका.

ट्रान्सपॉन्डर आहे, मग वायरलेस कशाला?

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात मासेमारी बोटींसाठी १ लाख ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली. चांगलीच गोष्ट. ज्याला मिळेल त्याने बसवावा. पण तो उपग्रहातून किनाऱ्याशी बोलतो. तुमच्या डोलीवर चालून येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला तो काही सांगत नाही. कप्तान ऐकतो ते १६.

हाक कशी मारायची

जहाजाला : "बिग शिप ऑफ हजिरा, धिस इज फिशिंग बोट, नेट्स अहेड ऑफ यू." मग जीपीएसवरचा आकडा सावकाश दोनदा सांगा. जहाजाचं नाव वाचता आलं तर नावाने हाक मारा, उत्तर लवकर येतं.

जीव धोक्यात असेल तर १६ वर, पूर्ण ताकदीवर : "मेडे, मेडे, मेडे." नंतर बोटीचं नाव तीनदा, जागा, काय झालं, माणसं किती. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका, हिंदीत सांगा. मोबाईल लागत असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

आणि एक विनंती. १६ वर भाव विचारू नका, गाणी लावू नका, बटण दाबून ठेवू नका. एकाचं बटण दाबलेलं राहिलं की जवळपासच्या सगळ्यांचा १६ बंद होतो. हाक मारून झाली की ६, ८, ७२ किंवा ७७ वर जा आणि तिथे बोला.

बंदी उठण्याआधी जेट्टीवर दोन-दोन बोटींनी सेट लावून बघा. एक बोट खाडीच्या तोंडाशी पाठवा आणि कुठपर्यंत ऐकू येतं ते वहीत लिहा. सेट नाखव्याला येतो एवढ्यावर थांबू नका. बोटीवरच्या सगळ्यात लहान खलाशालाही १६ लावता आलं पाहिजे. नाखवाच पाण्यात पडला तर हाक त्यालाच मारायची आहे.