जुन्या मसल कार खरंच जास्त दणकट होत्या का?

मागच्या व्याख्यानानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला: जुन्या अमेरिकन मसल कारचे गिअरबॉक्स आणि ॲक्सल आजच्यापेक्षा दणकट होते ना? आज तेच पाहू.

१९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ घ्या. कागदावर ४५० अश्वशक्ती, तीही इंजिनाला सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेली. २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट सगळ्या जोडणीसकट ७०७ देते. म्हणजे आजच्या सुट्या भागांवरचा ताण कितीतरी जास्त.

मग जुन्या गाड्या टिकल्या कशा? काही भाग खरोखर भक्कम होते. डॅना ६० हा मागचा ॲक्सल ड्रॅग रेसवाले आजही वापरतात. पण मुख्य कारण वेगळंच. इंजिनाचा जोर क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल, ॲक्सल असा टायरपर्यंत जातो. त्या काळचा अरुंद टायर जोर आला की जागेवरच घसरायचा. धूर निघायचा, पण आतलं लोखंड वाचायचं. घरातला फ्यूज उडतो आणि उपकरण वाचतं, तसंच हे.

आजचे रुंद टायर रस्ता धरून ठेवतात. म्हणून फ्यूजचं काम संगणकाकडे आलं: गिअर बदलताना तो क्षणभर इंजिनाचा जोर कमी करतो.

आता जुन्या गाडीला चिकट टायर लावले, किंवा नव्या गाडीतलं हे नियंत्रण काढून टाकलं, तर काय होईल? दोन्हीकडे फ्यूज गेला. पुढे तुटतो तो ॲक्सल नाहीतर गिअरबॉक्स. तेव्हा गाडीत बदल करण्याआधी आपण एवढंच विचारायचं: यातला फ्यूज कुठला, आणि तो आपण काढत तर नाही ना?