श्रेयांक कोणाच्या पदरात पडतात?

गेल्या वर्षी भाचीकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहिलो. जन्मभर खडू हातात धरलेला माणूस परमुलखात जाऊन पाहणार काय? मी शाळांची वेळापत्रके पाहिली. भाचीची मुलगी बारावीत होती आणि मे महिन्यात 'एपी'च्या तीन परीक्षा देणार होती. हे एपी प्रकरण तिच्याकडूनच समजावून घेतले. परदेशी शिकू पाहणारे आपले विद्यार्थी हल्ली त्याविषयी विचारतात, म्हणून ते येथे मांडतो.

अमेरिकेत पदवी श्रेयांकांत मोजली जाते. चार वर्षांच्या पदवीला साधारण 120 श्रेयांक लागतात. त्यांतला सुमारे एक तृतीयांश वाटा 'सामान्य शिक्षणा'चा असतो. अभियंता होणाऱ्यालाही लेखन, इतिहास, समाजशास्त्र आणि कला यांतले काही विषय घ्यावेच लागतात. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजेच एपी, ही शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून दिलेली परीक्षा. तिचे गुण 1 ते 5 असतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी 3 गुणांनाही श्रेयांक देते. परीक्षेची फी सुमारे 100 डॉलर असून गरीब विद्यार्थ्यांना सवलत मिळते. कॉलेजात तोच विषय घ्यायचा तर कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात. चार-पाच विषय असे आधीच पार पडले, तर कष्टकऱ्याच्या मुलाचे एक सत्र वाचू शकते.

परंतु येथे एक मेख आहे. श्रेयांक मिळणे वेगळे, सामान्य शिक्षणाची अट पुरी होणे वेगळे आणि वरच्या वर्गात थेट बसता येणे वेगळे. काही श्रेयांक नुसतेच एकूण बेरजेत पडतात, अट तशीच उभी राहते. कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरी गणिताची अट एकदाच भागते. डार्टमथसारख्या श्रीमंत कॉलेजाने तर 2014 साली दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपासून एपीवर पदवीचे श्रेयांक देणेच बंद केले. म्हणून विद्यार्थ्याने आधी कॉलेजचा तक्ता पाहावा: कोणत्या परीक्षेला, किती गुणांवर, कोणत्या खात्यात काय मिळते? आणि गुण त्या कॉलेजकडे रीतसर पाठवायला विसरू नये.

हे झाले नियमांचे. पण नियम कोणासाठी जन्मले, हेही पाहिले पाहिजे. 1950 नंतरच्या पहिल्या वर्षांत अँडोव्हर, एक्सेटर, लॉरेन्सव्हिल या खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे एकत्र बसली. आपली मुले शाळेत शिकलेलेच कॉलेजात पुन्हा शिकतात, ही त्यांची अडचण होती. त्यातून निघालेली ही योजना 1955 साली कॉलेज बोर्डाने हाती घेतली. सुस्थितांच्या सोयीसाठी बांधलेली ही वाट पुढे सर्वांसाठी खुली झाली. पण वाटेपर्यंत पोचायचे कसे?

भाचीकडे कामाला येणाऱ्या मेक्सिकन बाईंचा मुलगाही बारावीत होता. त्याच्या शाळेत कॅल्क्युलसचा वर्गच नव्हता. मग 3 गुणांचा नियम त्याच्या काय कामाचा? हे गाऱ्हाणे नवे नाही. 1999 साली इंगलवूडच्या विद्यार्थ्यांच्या वतीने कॅलिफोर्निया राज्याविरुद्ध दावा दाखल झाला. काळ्या आणि लॅटिनो मुलांच्या इंगलवूड हायस्कूलमध्ये एपीचे 3 विषय, तर बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत 14, असे त्यात मांडले होते.

आणि वर्ग मिळाला, मुले उत्तीर्णही झाली, तर? पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये बोलिव्हियाहून आलेले हायमे एस्कलांते गणित शिकवीत. 1982 साली त्यांचे 18 विद्यार्थी कॅल्क्युलसच्या एपीत उत्तीर्ण झाले. उत्तरांतल्या चुका सारख्या दिसतात म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने 14 जणांवर संशय घेतला. त्यांतले 12 जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सगळे पुन्हा उत्तीर्ण झाले.

ही हकीकत भाचीच्या मुलीने सांगितली, तेव्हा मी गप्प झालो. 1973 साली मॅट्रिकच्या वर्गात सहामाहीला मी गणितात पहिला आलो होतो. मास्तरांनी विचारले, "कोणाचं बघून लिहिलंस?" मग सबंध वर्गासमोर मला फळ्यापाशी उभे करून तोच पेपर पुन्हा सोडवायला लावला. मी सोडवला. "बस खाली," एवढेच ते म्हणाले. त्या मुलांनी दुसऱ्यांदा पेन्सिल उचलली असेल, तेव्हा त्यांच्या पोटात काय कालवले असेल, ते मला कोणी सांगायला नको.

परीक्षेने ज्ञानाचे मोल ठरावे, याला माझा विरोध नाही. आम्ही त्याच बळावर वर आलो. पण ज्या शाळेत वर्गच उघडला नाही, तिथल्या मुलाला गुणवत्तेचा हिशेब विचारायचा अधिकार कोणाला आहे? श्रेयांकांचा तक्ता जरूर वाचा. त्याआधी आपल्या शाळेचे वेळापत्रक वाचा, आणि त्यात जे नाही ते मागा.