ऐकणे आणि तोल सांभाळणे

पळस्प्याच्या एखाद्या अंगणवाडीत कर्णबधिर मूल आले, की आपले लक्ष त्याच्या बोलण्याकडे जाते. ते उशिरा चालू लागले, खेळताना वरचेवर पडते, याला मात्र आपण ‘धांदरटपणा’ म्हणून मोकळे होतो. पण कारण कानातच असू शकते.

अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या शंखिकेला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन सूक्ष्म पिशव्या असतात. डोके वळले वा कलले, की त्याची वर्दी त्या मेंदूला देतात. शंखिकेला इजा करणारा आजार, उदाहरणार्थ मेंदूच्या आवरणाचा दाह, या शेजाऱ्यांनाही सोडत नाही. विल्यम जेम्स यांनी १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५१९ कर्णबधिरांपैकी १८६ जणांना गरगर फिरूनही चक्कर आली नाही. १९९ जणांना इतरांसारखीच आली. म्हणजे प्रत्येक कर्णबधिर मुलाचा तोल बिघडलेला नसतो. तो पाहावा लागतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका पायावर उभे करू या. आधी डोळे उघडे, मग मिटून. आपण शेजारीच थांबावे. डोळे मिटताच ते कोलमडत असेल, तर आतापर्यंत डोळेच तोल सावरत होते, असा संशय घ्यावा आणि कानाच्या डॉक्टरांना तसे सांगावे.

लंगडी, रेघेवरून चालणे, चेंडू झेलणे या सरावाने तोल सुधारतो. मात्र अंधारात आणि पाण्याखाली डोळ्यांचा आधार सुटतो. बुडी मारल्यावर वर कोणते, खाली कोणते हेच अशा मुलाला कळेनासे होऊ शकते. तळ्यावर त्याला एकटे सोडू नये, हे पालकांना आपणच सांगायला हवे.