लग्नमंडपातील बिनतारी चित्र आणि दूरचे आप्तेष्ट



ज्याचे सर्व आप्तेष्ट एकाच देशात राहतात असे घर आपल्या समाजात विरळाच. अर्धे कुटुंब लोद, रामले, अश्दोद, दिमोना येथे, तर उरलेले ठाणे, मुंबई, अलिबाग येथे, अशीच बहुतेकांची स्थिती आहे. पूर्वी येथील लग्नाची हकीकत तेथे पत्राने कळे आणि छायाचित्रे मागाहून पोचत. आता हुप्प्याखालचा विधी त्याच घटकेला ठाण्याच्या घरात दिसू शकतो. या सोयीमागे असलेल्या बिनतारी चित्रप्रक्षेपणाच्या साधनांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास एक घरगुती प्रसंग निमित्त झाला.

गतवर्षी उन्हाळ्यात आमच्या घरातील एका मुलाचे लग्न लोद येथील एका हॉलमध्ये झाले. मुलाच्या वडिलांना ज्यांनी लहानपणी सांभाळले, त्या त्यांच्या आत्या ठाण्यास असतात. वय शहाऐंशी, गुडघे अधू, विमानप्रवास डॉक्टरांनी वर्ज्य केलेला. त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपणाची व्यवस्था केली होती. येथे रात्रीचे आठ वाजले, म्हणजे ठाण्यास साडेदहा. आत्या ठेवणीतील साडी नेसून पडद्यासमोर बसल्या. वधू दाराशी आली, नवरदेवाने आपल्या रीतीप्रमाणे 'योनती' गावयास आरंभ केला आणि ठाण्यातील चित्र जागीच थिजले. आवाजही गेला. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा पेला फुटून गेला होता आणि मंडळी एकमेकांस 'मझल टोव' म्हणत होती.

कॅमेऱ्यातील कार्डावर सर्व विधी सुरक्षित होता. तीन आठवड्यांनी आत्यांनी तो पाहिला. फोनवर म्हणाल्या, "बघितलं रे बाबा सगळं, छान झालं. पण आशीर्वाद द्यायला त्याच घडीला हजर असावं लागतं." या वाक्याने आम्ही चौकशीस लागलो.

थेट प्रक्षेपणाचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला, फिरत्या कॅमेऱ्यावरील प्रेषक यंत्रापासून हॉलमधील टेबलावरच्या ग्राहक यंत्रापर्यंत. दुसरा, तेथून इंटरनेटमार्गे भारतापर्यंत. आम्ही दोष इंटरनेटला देत होतो. टेबलावरील नोंदी तपासता इंटरनेट अखेरपर्यंत चालू होते असे आढळले. तार तुटली होती ती अवघ्या वीस पावलांच्या पहिल्या टप्प्यात!

असे का व्हावे? ही साधने बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर असते. मनुष्यदेहात पाण्याचा अंश मोठा असल्याने अशा लहरी देहात शोषल्या जातात. ग्राहक यंत्र टेबलावर, कमरेच्या उंचीवर ठेवले होते. वधू येताच सर्व पाहुणे उठून उभे राहिले आणि कॅमेरा व टेबल यांमध्ये माणसांची भिंतच उभी राहिली. त्यातच प्रत्येकाच्या हाती फोन, आणि हॉलचे वायफायही त्याच लहरींवर. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी घेतलेली चाचणी उत्तम झाली होती. परंतु रिकामा हॉल म्हणजे लग्नाचा हॉल नव्हे.

या विद्येत आपल्या इस्राएलचा वाटा मोठा आहे, हे वाचकांस ठाऊक असावे. उच्च दर्जाचे चित्र न दाबता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे तीन अब्ज अंक पाठवावे लागतात. म्हणून सामान्य यंत्रे चित्र दाबून लहान करतात. त्यात वेळ जातो, आणि वाटेत काही अंश हरवला की चित्र थिजते किंवा त्याचे चौकोनी तुकडे पडतात. हर्त्झलिया येथे २००४ साली स्थापन झालेल्या अमिमॉन कंपनीने निराळी वाट काढली. चित्राच्या ठळक भागास अधिक संरक्षण द्यावयाचे व बारीक तपशिलास कमी. संदेश क्षीण झाला तर चित्र थोडे धूसर होते, पण थांबत नाही. आणि विलंब एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी. अमेरिकेच्या टेराडेक कंपनीच्या 'बोल्ट' उपकरणांत हे तंत्र वापरले गेले आणि चित्रपटांच्या सेटवर दिग्दर्शक व फोकस सांभाळणारे साहाय्यक यांना ते वरदान ठरले. २०१८ साली, टेराडेक ज्यांच्या मालकीची होती त्या ब्रिटनच्या व्हायटेक समूहाने अमिमॉनही विकत घेतली.

दुसऱ्या टप्प्याची अडचण २००६ साली स्थापन झालेल्या क्फार सबाच्या लाइव्ह-यू कंपनीने हाताळली. तिचे यंत्र चित्राचा प्रवाह अनेक मोबाइल जाळ्यांवर वाटून पाठविते व पलीकडे पुन्हा जोडते. एक जाळे रुसले तरी इतर भार उचलतात. ज्या वार्तांकनास पूर्वी उपग्रहाची गाडी लागे, ते आता पाठीवरच्या पिशवीतून होते.

मग लग्नघराने ही महाग साधनेच घ्यावीत काय? आमच्या मते नाही. इंटरनेटच्या प्रवासात काही सेकंद जातातच. तेथे सहस्रांश सेकंदाची बचत निरुपयोगी. आत्यांना हवा होता अखंडपणा, आणि तो बहुतांशी मांडणीवर अवलंबून असतो. चित्रीकरण करणाऱ्यास पुढील गोष्टी आधीच विचाराव्यात.

ग्राहक यंत्र उंच स्टँडवर, उभ्या माणसांच्या डोक्यांवरून कॅमेरा दिसेल असे लावणार काय? दोन्ही यंत्रांचे अँटेना सारख्याच दिशेत उभे राहतील काय? हुप्प्यासमोर तारेने जोडलेला एक स्थिर कॅमेरा राहील काय, म्हणजे फिरता कॅमेरा थांबला तरी चित्र चालू राहील? आवाज वेगळ्या तारेने घेत असल्यास तो चित्राशी जुळविला आहे काय? प्रेषकासाठी जादा बॅटऱ्या आहेत काय? आणि कार्डावर मुद्रण होत राहील ना? परदेशातून यंत्र मागविणाऱ्यांनी त्याच्या लहरींना येथील दळणवळण मंत्रालयाची मान्यता आहे की नाही, हेही पाहावे. प्रत्येक देशाचे नियम भिन्न असतात.

हनुक्काच्या सुमारास त्याच घरातील मुलीचे लग्न अश्दोद येथे झाले. या वेळी आम्ही स्वतः स्टँड उभा केला, स्थिर कॅमेऱ्याची तार भिंतीकडेने नेली आणि यजमानांकडून पाहुण्यांना विनंती करविली की विधी होईपर्यंत फोन खिशात ठेवावेत. येथे साडेसात, ठाण्यास अकरा. फिरत्या कॅमेऱ्याचे चित्र एकदा डगमगले. त्या वेळी स्थिर कॅमेरा कामी आला. 'योनती' ठाण्यास काही सेकंद उशिरा, परंतु सबंध पोचली. विधी आटोपताच आत्यांचा फोन आला. "दिसलं," एवढेच बोलून त्यांनी तो मुलीला द्यावयास सांगितला.

आपल्या तरुण मंडळींना या यंत्रांची माहिती आमच्याहून अधिक आहे. त्यांनी लग्न, बार मित्झवा, मलिदा अशा प्रसंगी एक तास आधी येऊन ही मांडणी पाहून द्यावी, अशी त्यांस आमची आग्रहाची विनंती आहे. पलीकडे वाट पाहत बसलेली माणसे वयस्क आहेत, आणि प्रत्येक सीमहा एकदाच होतो.